सेंद्रिय माल घेताना वही मागा

भोक असलेलं वांगं म्हणजे सेंद्रिय, हे कोणी तुमच्या डोक्यात घातलं असेल तर आधी काढून टाका. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा वांग्याच्या आत शिरली की वरून कितीही जहाल औषध मारा, तिला त्याचं सोयरसुतक नसतं. म्हणून सतत फवारलेल्या वावरातही किडकी वांगी निघतात. उलट नर पतंगांना मादीच्या वासाने पकडणारे कामगंध सापळे लावून, सुकलेले शेंडे रोज खुडून पुरणाऱ्या शेतकऱ्याकडे टोपलीभर नितळ वांगी मिळतात. भोक पाहून एवढंच कळतं की अळी येऊन गेली.

तीच गत वेड्यावाकड्या काकडीची, बारक्या केळीची आणि मातीने माखलेल्या मेथीच्या जुडीची. मेथीला माती लावायला काय लागतं? डोळ्यांनी आणि नाकाने सेंद्रिय ओळखता येत नाही. मलाही येत नाही, आणि माझं तर कामच ते आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली. तापीकाठची काळी जमीन, त्यात कपाशी, केळी, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि विहिरीजवळ थोडा भाजीपाला. आमच्या सेंद्रिय गटाची तपासणीची वही माझ्याकडे असते. कोणी काय पेरलं, बियाणं कुठून आणलं, काय फवारलं, किती पिकलं आणि कुणाला विकलं, हे वावरात जाऊन बघायचं आणि लिहायचं. गावात मला 'वहीवाली वहिनी' म्हणतात. काही जण मायेने म्हणतात, काही जण मी बांधावर दिसले की पंप झाकता झाकता म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या आणि आता पुण्याच्याही ताया फोन करतात, 'वहिनी, खरं कसं ओळखायचं हो?' त्यांना जे सुटं सुटं सांगते ते इथे एकत्र लिहिते.

पैसे कशाचे देता

सेंद्रियचा दाखला वांग्याला मिळत नाही, वावराला आणि कामाच्या पद्धतीला मिळतो. हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्रयोगशाळेत नेलेल्या एका वांग्यात औषध सापडलं नाही, म्हणून ते सेंद्रिय ठरत नाही. कदाचित फवारून बरेच दिवस झाले असतील, एवढाच त्याचा अर्थ. सेंद्रिय ठरायला त्या जमिनीत रासायनिक खत, रासायनिक कीटकनाशक, तणनाशक आणि जनुक बदललेलं बियाणं हे सगळं बंद करून ठरावीक काळ जावा लागतो. हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं. त्या काळात आणि त्यानंतरही दरवर्षी तपासणी होते. तुम्ही जे चार पैसे जास्त देता, ते या वर्षांचे देता.

फायदा काय, तर जे आहे तेच सांगते. सेंद्रिय खाल्लं की मधुमेह जातो, गुडघे दुखायचे थांबतात, असं सांगून माल विकणारे आहेत. त्यांच्याकडून काही घेऊ नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांमध्ये सेंद्रिय आणि साध्या मालात ठळक फरक निघाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. पुढे २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या गटाने ३४३ शोधनिबंध ताडून पाहिले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी आढळला. औषधाचे अंश कमी, यावर दोघांचंही एकमत. खाणाऱ्यासाठी खात्रीचा फायदा हाच. 'शून्य अंश' असं मात्र कायदाही म्हणत नाही. सेंद्रिय मालासाठी साध्या मालाच्या मर्यादेच्या ५ टक्के, किंवा यंत्राला मोजता येईल इतकं कमीत कमी प्रमाण, यांतलं जे जास्त असेल तेवढी मुभा आहे. वारा शेजाऱ्याच्या वावरातून येतो आणि पाणीही वरच्या शेतातून वाहत येतं, त्याला कोण काय करणार?

माझं विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा खाणाऱ्याचा नाहीच, पाठीवर पंप घेणाऱ्याचा आहे. आपल्या शेजारच्या विदर्भात, यवतमाळला २०१७ साली कपाशी फवारता फवारता शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, ते सगळ्यांनी वाचलंय. ऑक्टोबरच्या उन्हात डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत शिरून फवारणाऱ्या सालदाराच्या अंगावर जेवढं औषध पडतं, तेवढं तुमच्या ताटातल्या भाजीतून जन्मात पोटात जाणार नाही. तुम्ही सेंद्रिय घेता तेव्हा त्याच्या पाठीवरचा पंप बदलतो, त्यात निंबोळी अर्क येतो.

जमिनीचं म्हणाल तर ते मी स्वतः पाहते. शेणखत आणि पालापाचोळा पडत राहिला की काळी जमीन भुसभुशीत होते, भेगा उशिरा पडतात आणि पावसाने ताण दिला तर पीक थोडं जास्त तग धरतं. पण पहिल्या वर्षांत उत्पन्न घटतं, हेही तितकंच खरं. ते लपवणाऱ्याचं बाकीचं बोलणंही मी जपूनच ऐकते.

चवीचं काय? भरिताची चव वाणात, ताजेपणात आणि जाळात असते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या हिरवट, कमी बियांच्या वाणाला आणि इथल्या मातीला. काट्यांच्या जाळावर भाजून लाकडी बडगीत ठेचलं की रासायनिक वांगंसुद्धा बोटं चाटायला लावतं. चव चांगली लागली म्हणून सेंद्रिय असा हिशेब मांडू नका.

पाकिटावर काय बघायचं

आपल्याकडे सेंद्रिय दाखल्याच्या दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाचा, कारभार अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे. यात बाहेरची, मान्यता मिळालेली संस्था येऊन तपासते. परदेशात माल पाठवायचा तर हीच वाट. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची. यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि वरची प्रादेशिक परिषद त्यावर शिक्कामोर्तब करते. हा दाखला देशातल्या बाजारापुरता. आमचा गट याच वाटेचा.

शेतकरीच शेतकऱ्याला तपासतो म्हटल्यावर शहरातली माणसं हसतात. मला तसं वाटत नाही. बाहेरचा निरीक्षक ठरलेल्या दिवशी येतो. शेजारी मात्र बारा महिने बांधावर असतो. रात्री कोणाच्या मळ्यातून औषधाचा वास आला, हे त्याला सकाळी चहाच्या आधी कळलेलं असतं. गाव लहान असतं, त्यामुळे भीडही आड येते, ते नाकारत नाही. म्हणून आमच्या गटात सख्ख्या भाऊबंदाचं शेत त्याच घरच्या माणसाने तपासायचं नाही असं ठरलेलं आहे.

यातला कुठलाही दाखला असला, तरी 'सेंद्रिय' म्हणून पाकिटात विकायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम लागतात. १ जुलै २०१८ पासून ते अमलात आले, आणि तेव्हापासून पाकिटावर 'जैविक भारत' हे चिन्ह दिसायला लागलं. पण नुसत्या चिन्हावर जाऊ नका, चिन्ह कोणीही छापून घेतो. नंबर बघा. प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा. एनपीओपी असेल तर तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि तिचा मान्यता क्रमांक हवा. पीजीएस असेल तर गटाचा किंवा शेतकऱ्याचा ओळख क्रमांक हवा. तो पीजीएस-इंडियाच्या पोर्टलवर टाकून पाहता येतो.

पीजीएसच्या पाकिटावर 'पीजीएस-ग्रीन' आणि 'पीजीएस-ऑरगॅनिक' असे दोन प्रकार दिसतील. ग्रीन म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे, ऑरगॅनिक म्हणजे तो काळ पुरा झाला. ग्रीनचा माल पूर्ण सेंद्रियच्या भावाने कोणी लावत असेल तर सरळ घासाघीस करा. पण टाळू नका. त्याच वर्षांत शेतकऱ्याचं उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव मिळत नसतो. बरेच जण दुसऱ्या वर्षी कंटाळून परत युरियाकडे वळतात ते यामुळेच. थोडा कमी भाव देऊन का होईना, गिऱ्हाईक टिकलं तर तो टिकतो.

दुकानदार एखादा मोठा, शिक्के मारलेला कागद दाखवतो तो बहुतेक वेळा 'स्कोप सर्टिफिकेट' असतो. तो नुसता लांबून बघून परत देऊ नका. त्यात तीन गोष्टी वाचा. मुदत संपली आहे का, कारण तो साधारण वर्षभराचा असतो. नाव कुणाचं आहे, दुकानदाराचं, शेतकऱ्याचं की भलत्याच कंपनीचं. आणि पिकांची यादी. इथेच खरी गंमत असते. कागद तुरीचा आणि सोयाबीनचा असतो, आणि त्याच्या जोरावर हळद, मिरची, गूळ, तूप सगळं सेंद्रिय म्हणून विकलं जातं. तुम्ही घेताय ती वस्तू यादीत नसेल तर तो कागद तुमच्यासाठी रद्दी आहे. एनपीओपीत माल एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा त्या खेपेचा वेगळा कागदही निघतो, त्याला ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट म्हणतात. घाऊक घेणाऱ्याने तो मागावाच. किलोभर डाळ घेणाऱ्याने मागितला तर दुकानदार चिडेल, ते साहजिक आहे.

'नैसर्गिक', 'गावरान', 'केमिकल फ्री', 'विषमुक्त' हे शब्द पाकिटावर कितीही मोठ्या अक्षरांत असले तरी त्यांच्या मागे वरचा नंबर नसेल तर ती जाहिरात समजा.

पाकीटच नसेल तर

खरं तर चांगला माल बऱ्याचदा पाकिटाशिवायच येतो. आठवडे बाजारात गोणपाटावर, कुणाच्या मोटारसायकलच्या मागे किंवा ओळखीच्या आप्पांच्या खळ्यावर. कायद्यातही त्याला जागा आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान शेतकऱ्याने किंवा त्यांच्या संस्थेने थेट खाणाऱ्याला विकलं तर दाखल्याची सक्ती नाही. फक्त 'जैविक भारत'चं चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणजे कागद नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. पण कागद नाही तर प्रश्न तुम्ही विचारायचे.

पहिला प्रश्न, 'काय फवारता?' त्यावर बाजारातलं ठरलेलं उत्तर असतं, 'ताई, आमना वावरमा काहीच टाकेल नही.' हे ऐकून खूश होऊ नका. काहीच टाकलं नाही तर पीक आलं कशावर? सेंद्रिय शेती म्हणजे न करण्याची शेती नव्हे, तिच्यात काम दुप्पट असतं. जो खरा करतो तो भडाभडा सांगतो. निंबोळी अर्क कधी मारला, दहा झाडांच्या पाल्याची दशपर्णी कशी सडवली, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात कशी मिसळली, मावा आला तेव्हा काय केलं. निंबोळी अर्क कसा करता, एवढं विचारून बघा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून त्याचं १०० लिटर पाणी करायचं आणि २०० ग्रॅम साबण घालायचा. हे ज्याने हाताने केलंय त्याला बोलताना थांबावं लागत नाही.

दुसरा प्रश्न, 'तण कसं काढता?' हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून त्याचं उत्तर कोणी पाठ केलेलं नसतं. निंदणीला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, ही तक्रार खऱ्या सेंद्रियवाल्याच्या तोंडून दुसऱ्या वाक्याला येते. जमलं तर वावर बघायला जा. श्रावणात सगळीकडे हिरवं असताना एखादाच बांध तांबूस जळल्यासारखा दिसला, तर तिथे तणनाशक पडलंय. पिकात नाही टाकलं, फक्त बांधावर टाकलं, असं सांगतील. आमच्या वहीत ते चालत नाही.

मग बियाणं. रिकाम्या पिशव्या बघायला मागा. गुलाबी किंवा लाल रंग चढवलेलं बी म्हणजे बहुधा त्याला रासायनिक औषध चोळलेलं असतं. मी तपासणीला गेले की घरात जाऊन आधी माळ्यावर आणि गोठ्याच्या कोपऱ्यात बघते. माणूस काय टाकलं ते विसरतो, पण पिशवी फेकून देत नाही. तिच्यात लसूण नाहीतर खिळे ठेवलेले असतात.

गोण्या हीही तशीच गोष्ट. दादर युरियाच्या जुन्या गोणीत भरलेली दिसली तर मी तिथेच लाल शेरा मारते. शेतकऱ्याला ते फार लागतं. 'वहिनी, धुतलेली शे ना!' धुतली असली तरी नाही. पंपाचंही तेच. शेजाऱ्याचा पंप आणून त्यातून निंबोळी अर्क फवारला तर आधीचं औषध नळीत बसलेलं असतं. मळणी यंत्र भाड्याचं असतं, ते गावभर फिरून आलेलं असतं, म्हणून आमच्या गटात पहिलं पोतं बाजूला काढून साध्या भावात विकतात. कडेच्या ओळींचंही तसंच. शेजारी फवारत असेल तर मध्ये मोकळा पट्टा किंवा तुरीची, शेवरीची दाट ओळ हवी, आणि त्या पट्ट्यातलं पीक सेंद्रियमध्ये मोजायचं नाही. पट्टा किती रुंद, ते वारा कुठून येतो आणि शेजारी कशाने फवारतो यावर ठरतं. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणारा शेजारी असला तर दोन ओळींनी काही होत नाही.

आणि शेवटी विचारा, 'औंदा काय गेलं?' रसायन न वापरता शेती करणाऱ्याचं दरवर्षी काहीतरी जातंच. कधी मिरचीवर फुलकिडे, कधी केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग, म्हणजे आपला हरण्या. त्यात तर रोपं उपटून पुरण्यावाचून इलाज नसतो, रासायनिकवाल्यालाही नसतो. ज्याचं कधीच काही जात नाही आणि ज्याच्याकडे बारमाही सगळ्या भाज्या असतात, तो माल बाजार समितीतून आणत असावा, असा मला तरी संशय येतो.

आधी काय घ्यावं

महिन्याचा सगळा किराणा सेंद्रिय घ्यायला निघालात तर दुसऱ्या महिन्यात सोडून द्याल. म्हणून मी क्रम सांगते. हा माझा क्रम आहे, कोणाच्या परिपत्रकातला नाही.

वांगी, मिरची आणि पालेभाजी आधी. वांगेसटीपासून, म्हणजे चंपाषष्ठीपासून पुढे भरिताचा हंगाम, तेव्हा आठवड्यातून दोनदा वांगी घरात येतात. या पिकावर फवारणी भरपूर होते, आणि तोडणी थोड्या थोड्या दिवसांनी चालू असल्यामुळे फवारणी आणि तोडणी यांत पुरेसं अंतर राहत नाही. पालेभाजीचा तर वर सोलून टाकावा असा भागच नसतो. लाल मिरची वर्षाची एकदम भरतो, तीही वाळलेली. ओल्या मिरचीत जे असतं ते वाळल्यावर वजनाच्या मानाने दाटच होतं. नंदुरबारला मिरची घ्यायला जाणाऱ्यांनी व्यापाऱ्याच्या ढिगाऐवजी एखादा गट शोधावा. मिळाला तर दरवर्षी तोच धरून ठेवावा.

केळी मी त्यानंतर ठेवते, साल जाड आहे म्हणून. रावेर-यावलची केळी सेंद्रिय मिळाली तर उत्तमच, पण 'कार्बाइडशिवाय पिकवलेली' म्हणजे सेंद्रिय नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवणं सगळ्यांनाच बंद आहे. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवायला परवानगी आहे. कायदा पाळला म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

दादरसाठी मी कागद मागत नाही. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीच्या ओलीवर ती येते, खतपाणी फार घेत नाही, फवारणीही क्वचित. ओळखीच्या शेतकऱ्याची दादर आणि घरचे उडीद घेऊन भाकरीसाठी कळणा दळा, एवढं पुरे. गोणी कसली आणि कीड लागू नये म्हणून काय टाकलं, हे मात्र विचारा. नवापूरच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते जागेचं आणि वाणाचं आहे, सेंद्रियचं नाही. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र अशी शेतं आहेत, जिथे रासायनिक खत पोचलंच नाही. तिथली ज्वारी, भगर नाहीतर आमचूर मिळाला तर घ्यावा. अशा भागाला सगळ्याला मिळून दाखला द्यायची सोय केंद्राने केली आहे. कार निकोबार आणि नानकौरी बेटांवरच्या १४,४९१ हेक्टरला २०२१ साली तो मिळालाही. आमच्या डोंगरातल्या भाऊंना तो कधी मिळेल, ते बघायचं.

राहिली कपाशी. ती आपण खात नाही असं वाटतं, पण सरकीचं तेल आणि म्हशीपुढची सरकी पेंड कुठून येते? आपल्याकडची जवळपास सगळी कपाशी बीटी. २००२ साली तिला परवानगी मिळाली, आणि जनुक बदललेलं बियाणं सेंद्रियमध्ये अजिबात चालत नाही. मग औषधाचा थेंब न वापरताही बीटी कपाशी सेंद्रिय होत नाही. बिगर-बीटी बी मिळवणं हाच आमच्या कपाशीवाल्यांचा मोठा डोकेदुखीचा विषय आहे. बी मिळालं तरी शेजारच्या बीटीचे परागकण येतात. पानाचा तुकडा चुरून पट्टीवर तपासतात, दोन रेघा उमटल्या की सगळं तिथेच संपलं. म्हणून खानदेशात 'सेंद्रिय दूध' म्हणून कोणी विकत असेल तर त्याला पेंड कुठली, एवढंच विचारा. बाकीचं त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

कागद काढायचा असेल तर

वाचणाऱ्यांत शेतकरी असतील तर त्यांच्यासाठी. गावातलं किंवा आसपासचं गिऱ्हाईक असेल तर पीजीएस पुरे. किमान पाच शेतकरी लागतात, एका गावचे किंवा लगतच्या गावांचे. सातबारा, आठ-अ, आधार आणि वावराचा हाताने काढलेला नकाशा. त्यात विहीर, बांध आणि शेजाऱ्याचं पीक दाखवायचं. मागच्या वर्षांत काय पेरलं, काय टाकलं त्याचा इतिहास. प्रत्येकाची प्रतिज्ञा. गटाच्या बैठका आणि प्रशिक्षण, त्यांच्या सह्या. मग एकमेकांची तपासणी, पोर्टलवर नोंद आणि प्रादेशिक परिषदेची मंजुरी. सुरुवात तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून किंवा कृषी खात्याच्या 'आत्मा' यंत्रणेच्या माणसाकडून करा. २०१५-१६ पासून परंपरागत कृषी विकास योजना आहे, तिच्यातून गटाला मदत मिळू शकते. चालू वर्षाचे निकष तिथेच विचारा, कारण ते बदलतात.

कंपनीला किंवा बाहेर देशी माल द्यायचा असेल तर एनपीओपी. एकट्याला खर्च जड जातो, म्हणून २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करतात. त्या गटाची आतली तपासणी यंत्रणा लागते, म्हणजे माझ्यासारखी वहीवाली माणसं. बाहेरची संस्था मग त्या यंत्रणेची आणि निवडक शेतांची तपासणी करते.

वही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू करा. सालदाराचा हिशेब तेव्हाच होतो, नवीन वर्षाची कामं तेव्हाच ठरतात, त्यामुळे तारखा लक्षात राहतात. आणि रोज लिहा. तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वर्षाची वही मला लांबूनच ओळखता येते. शाईचा रंग सगळीकडे सारखा असतो, कुठे चिखलाचं बोट नसतं आणि पोळ्याच्या दिवशी बैलांनी डवरणी केल्याची नोंद असते.

घरी आणल्यावर

सेंद्रिय धान्याला कीड लवकर लागते, कारण खळ्यावर त्यात काही टाकलेलं नसतं. मग ताई फोन करून रागावतात, 'वहिनी, तुमच्या दादरमध्ये टोके झाले!' होणारच. पण त्यावर बोरिक पावडर चोळली किंवा पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या, तर एवढी चौकशी करून आणलेल्या धान्यात तुम्ही स्वतःच्या हाताने तेच घातलं, जे टाळायला जास्त पैसे मोजले होते.

एकदम वर्षाचं भरू नका, शेतकऱ्याला सांगून दोन-तीन खेपांत घ्या. आल्यावर दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. रात्री घरात आणा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर आत घाम धरतो. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा, गळ्यापर्यंत भरलेला हवा, आत मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, ओला नाही. तूर आणि उडदाच्या डाळीला एरंडेलाचा हात लावतात, आजीबाईंना विचारा, प्रमाण त्या बोटांनीच दाखवतील. मिरचीचे देठ काढू नका, देठासकट टिकते. आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळं पुन्हा एकदा गच्चीवर काढा.